वाटाड्याचं बारसं

फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या मंडईत गवार निवडत होते. बोरीवलीहून कुंदाताई बोलत होत्या, विलासची थोरली बहीण. "विलास गेला गं," एवढंच म्हणाल्या. आवाज अगदी स्थिर. माझ्याच हातातली गवार खाली पडली. रडू फार नंतर आलं. आधी काय आलं ते सांगू? भीती. कारण दहा दिवसांपूर्वी मी त्या माणसाशी चक्क खोटं बोलले होते आणि आता ते परत घ्यायची सोय राहिली नव्हती...

विलासचं बोरीवलीत चष्म्याचं दुकान होतं. लग्न केलं नाही, बहीण आणि भाऊ असे दोघंच राहायचे. आमची ओळख झाली ती भांडणातून, याला वीसेक वर्षं झाली. घाटकोपरला तेव्हा डिस्क भाड्याने देणारी एक लायब्ररी होती. तिथे मी ज्या परदेशी विज्ञान-मालिकेच्या मागे लागले होते, तिच्या दुसऱ्या सीझनच्या डिस्क कुणीतरी महिनाभर दाबून ठेवल्या होत्या. मालकाकडून नंबर घेतला आणि फोनवरच झापलं, "अहो, बाकीच्यांनी बघायचं की नाही?" पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "बघा ना. पण मला एक सांगा, त्याचं खरं नाव काय असेल हो?" मी पाऊण तास बोलत उभी! कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कुणास ठाऊक, डाळीचं पार पिठलं झालं.

त्या मालिकेचा नायक अंतराळात वाट चुकलेल्या यानांना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवायचा. स्वतःचं नाव मात्र कुणाला सांगायचा नाही. विचारलं की हसायचा आणि विषय बदलायचा. आम्ही त्याला आपलं वाटाड्या म्हणायचो. जगभरचे चाहते इंटरनेटवर त्याच्या नावावरून डोकी फोडत होते. कुणी म्हणे तो पळून आलेला राजपुत्र, कुणी म्हणे तोच मूळचा खलनायक. आमचा चौघांचा कंपू झाला: मी, विलास, अंधेरीचा जोसेफ आणि कांजूरमार्गची सुनंदा. महिन्यातल्या एका रविवारी विलासच्या घरी बसायचं, प्रत्येकाने आपला अंदाज मांडायचा, कितव्या भागात कितव्या मिनिटाला पुरावा आहे ते दाखवायचं. पुढे मालिकेनेच अंदाज खोटा पाडला, तर हरणाऱ्याने तोंडाने काही कबूल करायचं नाही. नुसतं बाकीच्यांना पुरणपोळी खायला घरी बोलवायचं. आमंत्रण आलं की समजायचं, गडी हरला. हा नियम विलासचा. हरलेल्याचं तोंडही गोड झालं पाहिजे, म्हणायचा. यानावर कोरलेलं नाव तेच त्याचं, असं मी एकदा छातीठोकपणे सांगितलं आणि तोंडावर आपटले. माझं पुरण इतकं सैल झालं होतं की जोसेफने पोळी चमच्याने खाल्ली.

आता विलासचा अंदाज. एका भागात वाटाड्या ओझरतं म्हणतो, "घर जळलं तेव्हा मी अकरा दिवसांचा होतो." झालं! विलास ताडकन उठून बसला. "अकरा दिवसांचा! म्हणजे बारसं झालंच नाही त्याचं! याला नावच नाहीये यार, सांगणार काय कपाळ?" हे त्याने इंग्रजीत त्या चाहत्यांच्या पानावर लिहिलं. मग काय, पाळणा म्हणजे काय, आत्या कानात नाव सांगते म्हणजे काय, घुगऱ्या कशाच्या, हे सगळं परदेशातल्या लोकांना समजावण्यात त्याचा महिना गेला. अर्धे चाहते हसले आणि अर्धे त्याच्या बाजूने झाले. मी मात्र शेवटपर्यंत विरोधात. "अरे, तुला पोर नाही म्हणून असं बोलतोस," मी म्हणायचे. "आई काय बाराव्या दिवसाची वाट बघत बसते? पोटात असल्यापासून हाक मारते ती. त्याला आईने ठेवलेलं नाव आहे, लिहून घे." तो म्हणायचा, "मायेचा पुरावा चालणार नाही. मिनिट सांग."

गेल्या वर्षी त्याला कॅन्सर निघाला, आणि मालिका संपायला आली होती. शेवटचा भाग मी घरी एकटीने पाहिला. वाटाड्याला त्याच्या आईने ध्वनिमुद्रित केलेलं एक जुनं बोलणं सापडतं. त्यात ती पोटातल्या बाळाला हाक मारतेय... तेवान. मी जिंकले होते हो! वीस वर्षांनी जिंकले होते, आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात विलाससमोर बसले तर त्याचे हात काडीसारखे झालेले. "बघितलास ना? बोल," तो म्हणाला. डोळे अगदी लकाकत होते. माझी जीभच रेटेना. म्हटलं, "नावच नव्हतं रे त्याला. तुझंच खरं." तो माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं," म्हणाला आणि पाणी मागितलं.

जायच्या वेळी सुखात जाऊ दे बिचाऱ्याला, असं मी मनाला सांगितलं. पण मन कुठलं ऐकायला! हा माणूस असा की गिऱ्हाईक चष्मा घ्यायला आलं तरी डोळे तपासून सांगायचा, "तुम्हाला नंबरच नाही, घरी जा, नीट झोपा." दुकानदार असून! कुणी खोटी समजूत काढली की त्याचं डोकं फिरायचं. अशा माणसाला मी शेवटी लहान मुलासारखं चुचकारलं आणि वर ते त्याला पटलं, याचीच मला लाज वाटत होती. रोज अंघोळीच्या वेळी तेच डोक्यात यायचं. सुनंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगलं केलंस." त्याने आणखीच वाईट वाटलं.

महिना उलटला आणि कुंदाताईंचा पुन्हा फोन. रविवारी तुम्ही उरलेले तिघं जेवायला या, म्हणाल्या. आठवणी काढायला बोलावलं असेल असं वाटलं. आम्ही गेलो, पाटावर बसलो, आणि ताटात बघते तर पुरणपोळी! भाऊ जाऊन महिना झालेल्या घरात पुरण. समोरच्या बिऱ्हाडातली बाई दारातून डोकावून नाक मुरडून गेली. जोसेफने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे..." मी म्हटलं.

"त्यानेच सांगून ठेवलं होतं. महिनाभर थांब, मग तिघांना बोलव आणि पुरणपोळी कर." ताई तूप वाढत होत्या. "तू आलीस ना हॉस्पिटलात, त्या दिवशी सकाळीच मला मोबाइलवरून शेवटच्या भागाबद्दलचं सगळं वाचायला लावलं होतं. माझं इंग्रजी कसलं, अडखळत वाचलं. नाव आलं तसा हसला. म्हणाला, ती येईल आता नाचत. तिचं तोंड बघायचंय मला."

"आणि मी..."

"तू भलतंच बोललीस. तू गेल्यावर म्हणाला, ताई, हिला खोटं बोलता येत नाही गं, कान लाल झाले होते. पण माझ्यासाठी जिंकलेला डाव सोडला तिने. तिला आत्ता काही बोलू नकोस, रडत बसेल."

मी रडलेच. पण काय सांगू, छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं. फसला नव्हता तो! माझ्या थापेवर भाबडेपणाने विश्वास ठेवून गेला नव्हता, सगळं जाणून, हरून, वर माझी काळजी घेऊन गेला होता. मी डोळे पुसले आणि पोळी तोडली. महिन्याभरात अन्नाला पहिल्यांदा चव लागली. तिसरी पोळी मागून घेतली, लाज न बाळगता.

ताई आमच्यासमोर बसल्या. "अजून एक म्हणाला होता," त्या हसल्या. "सांगू की नको?"

"सांगा ना."

"म्हणाला, ती जिंकली ते ठीक आहे. पण उत्तर माझंच जास्त चांगलं होतं."

"काही नाही हं!" मी घास तोंडात असतानाच ओरडले. "आईने पोटातल्या पोराला हाक मारली, याच्याहून चांगलं उत्तर असूच शकत नाही! म्हणे बारसं! घुगऱ्या खायला कोण जाणार होतं त्या जळलेल्या घरात?" जोसेफ विलासची बाजू घेऊन काहीतरी बोलायला लागला, त्यालाही मी गप्प केलं. भरल्या ताटावर बसून, हात उष्टे, चांगली पंधरा मिनिटं मी विलासशी भांडत होते.