नाव न सांगता बंद केलेलं पान

सोमवार, मार्च २००८. बँकेचं मुख्य कार्यालय, शिरूर. चेअरमनसाहेबांची केबिन.

हजर: चेअरमनसाहेब. संचालक बाळासाहेब. दौंड शाखेचे मॅनेजर गायकवाड. वडगाव रासाईचे खातेदार आप्पा कोळपे. मी, संगणक विभागप्रमुख. शिवाय बाहेर पायरीवर बाळासाहेबांची चार-पाच माणसं आणि त्यांची जीप. त्यांना बैठकीला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती होती.

आप्पा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. टोपी हातात.

“ताई, मेल तुमच्याच नावाची हाय,” ते मला म्हणाले. “खाली तुमचा मोबाइल बी हाय. म्हनलं, ताई कशाला खोटं लिहितील?”

मेल मी पाठवलेली नव्हती. तिच्यात लिहिलं होतं की बँकेचं नेट बँकिंग सुधारतोय, खालच्या लिंकवर जाऊन खातं आणि पासवर्ड टाका, नाहीतर खातं बंद होईल. लिंक उघडली की आमच्याच बँकेचं पान दिसायचं. तोच रंग, तेच बोधचिन्ह, डोक्यावर संस्थापकांचा तोच फोटो. पान नकली. पासवर्ड टाकला की तो चोराकडे. याला फिशिंग म्हणतात. गळ टाकून बसायचं, एखादा मासा लागतोच.

“तुम्ही पासवर्ड टाकला?” मी विचारलं.

“टाकला की.”

“तुमच्या खात्याचा?”

“सगळ्यांचा.”

आप्पा कुरकुंभच्या कंपनीतून रिटायर झालेले. त्यांच्या भावकीत कॉम्प्युटर एकट्या त्यांच्याकडे. पुतणे शिफ्टला जातात, भाऊ शेतात, म्हाताऱ्यांना दिसत नाही. त्यामुळे सगळ्या भावकीचे पासवर्ड आप्पांकडे. कुणाचं उसाचं पेमेंट जमा झालं, कुणाचा पगार झाला, हे आप्पा बघून सांगणार. आमच्याकडे हीच रीत आहे. सातबाराचा उतारा आणायला एक जण जातो आणि सगळ्यांचे आणतो, तसंच हे. आप्पांनी मेल वाचली आणि कुणाचंही खातं बंद पडू नये म्हणून रविवारी दुपारभर बसून एकेकाचा पासवर्ड नीट टाकला. संध्याकाळी धाकट्या भावाच्या खात्यातली रक्कम गेली.

“मी लोकांला काय तोंड दावू?” आप्पा म्हणाले.

त्या सर्व खात्यांचे व्यवहार मी सकाळी आल्या आल्या गोठवले होते. पण ही झाली एक भावकी. मेल किती जणांना गेली हे माहीत नव्हतं, आणि ते पान अजून चालू होतं. माझ्या समोरच्या कॉम्प्युटरवर ते उघडत होतं. दर वेळी रिफ्रेश करताना वाटायचं, आत्ता या क्षणी कोणीतरी पासवर्ड टाइप करत असेल.

आता दोन शब्द समजावून सांगते. साइटचा पत्ता म्हणजे डोमेन. तो एखाद्या रजिस्ट्रार कंपनीकडे नोंदवावा लागतो, आणि नोंदीत मालकाचं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो. ही नोंद सातबारासारखी उघडी असायची. जगातला कोणीही ती काढून बघू शके. आमच्या बँकेच्या नोंदीत माझं नाव आणि माझा मोबाइल होता. चोराने तिथूनच उचलला. ज्यांना नाव झाकायचं असेल ते जादा पैसे भरून प्रायव्हसी घेत. मग मालकाच्या जागी रजिस्ट्रारचंच नाव दिसे.

नकली पान ज्या साइटवर होतं, तिची नोंद मी काढली. प्रायव्हसी. नाव झाकलेलं.

आणि खरी अडचण इथून पुढची. त्या पत्त्याचं मुख्य पान उघडलं तर ती एक साधी मराठी साइट निघाली. विधवा आणि सोडलेल्या बायकांच्या पुनर्विवाहासाठी. शिरूर, दौंड, बारामती, श्रीगोंदा भागातली स्थळं. फोटो नाहीत, आडनावं नाहीत. चालवणाऱ्याचंही नाव नाही. संपर्कासाठी एक फॉर्म होता, तो चालत नव्हता.

बाळासाहेबांनी ते पान बघितलं आणि टेबलावर थाप मारली.

“हीच ती! आमच्या मेव्हण्याची सून हिनंच पळवली. आता बँक लुटायला निघाली व्हय?”

“पळवली म्हणजे?” चेअरमननी विचारलं.

“दुसरं लगीन लावून दिलं की तिचं. घराची अब्रू घालवली. दोन वर्षं झाली हुडकतोय ह्या बाईला. मॅडम, मला फक्त नाव द्या. पुढचं आम्ही बघतो.”

पायरीवरची माणसं कशासाठी आली होती ते तेव्हा कळलं.

“बाळासाहेब, नाव बँकेला पाहिजे,” चेअरमन म्हणाले. “तुम्हाला नाही.”

“मी बँकच हाय की. संचालक न्हाई का?”

मी रजिस्ट्रारच्या ऑफिसला फोन लावला. स्पीकरवर लावा, असं बाळासाहेबांनी सांगितलं, तर लावला. पलीकडचा मुलगा शांत आवाजात बोलला.

“मॅडम, मालकाची माहिती मिळणार नाही. पोलिसांचं लेखी पत्र किंवा कोर्टाची ऑर्डर लागेल.”

“अहो, बँकेचे ग्राहक लुटले जातायत! तुम्ही चोराला झाकताय.”

“मॅडम, प्रत्येक जण बँकेतूनच बोलतोय असं सांगतो. आम्ही कसं ओळखायचं?”

मला भयंकर राग आला. फोन ठेवल्यावर मी कागदावर कामं लिहिली, कारण लिहिलं नाही तर मला सुचत नाही. पोलिसांत तक्रार. ज्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर साइट आहे, तिला मेल. सगळ्या शाखांत फलक. ग्राहकांना एसएमएस. हे लिहिताना लक्षात आलं की यातल्या एकाही कामाला मालकाचं नाव लागत नाही. नाव मिळून पान बंद होणार नव्हतं. पान बंद करणं हे वेगळं काम होतं.

ही साइट चोराची नसावी, असाही संशय होता. चोर स्वतःच्या नावाने गाळा घेत नाही. दुसऱ्याच्या पडवीत रात्रीतून दुकान मांडतो. कुठल्यातरी जुन्या, हलक्या पासवर्डच्या साइटमध्ये घुसायचं आणि आत एक फोल्डर टाकायचा. मालकाला पत्ताही नसतो. हे मी केबिनमध्ये सांगितलं.

“म्हंजी ती बाई साळसूद?” बाळासाहेब हसले. “मॅडम, तुम्ही बाई म्हणून बाईची बाजू घेताय.”

मी माझ्या टेबलावर आले. प्रायव्हसीच्या नोंदीत एक मेलचा पत्ता असतो. त्यावर लिहिलं की रजिस्ट्रार ते मालकाकडे पुढे पाठवतो. लिहिणाऱ्याला मालक कळत नाही. मी लिहिलं: तुमच्या साइटवर कोणीतरी आमच्या बँकेचं खोटं पान ठेवलं आहे आणि माझ्या नावाने खोट्या मेल पाठवून लोकांना तिथे नेत आहे. तुमचा दोष आहे असं आम्ही समजत नाही. कृपया ताबडतोब काढा. खाली माझ्या टेबलाचा नंबर.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास फोन वाजला. बाईंचा आवाज, वयस्कर.

“तुम्ही बँकेतल्या का? मी साइटवाली. बहिणीच्या मुलाने पुण्याहून तुमची मेल वाचून दाखवली. मला यातलं काही माहीत नाही हो.”

“साइट कोण बघतं तुमची?”

“मीच. दौंडला नेट कॅफेत जाऊन. आत्ता लाइट नाही इथं, संध्याकाळपर्यंत लोडशेडिंग आहे, आणि भाच्याच्या ऑफिसात साइट उघडत नाही. येऊ का मी बँकेत? दौंड शाखेत येऊन सगळं सांगते.”

“नको!” मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. मग आवाज खाली घेतला. “बँकेत येऊ नका. कोणत्याच शाखेत नको. तुम्हाला शोधणारी माणसं इथं बसली आहेत.”

मी खुर्ची भिंतीकडे वळवली.

“अशीच एकदा आली होती घरी, दुसऱ्या एका पोरीच्या सासरची,” त्या म्हणाल्या. “तेव्हा इंटरनेटवर पत्ता दिसायचा माझा. काचा फोडल्या. त्यानंतर भाच्याने नाव झाकून दिलं.”

सकाळी ज्या नियमावर मी चिडले होते, त्याच्यामुळे या बाई धड बसून माझ्याशी बोलत होत्या.

पण पान चालू होतं. दौंडला लाइट संध्याकाळी येणार. मी म्हणाले, “मला पासवर्ड सांगा. मी इथून काढते.”

हे माझ्या तोंडून निघालं आणि मीच चपापले. पासवर्ड फोनवर कोणालाही सांगू नका, ही पाटी आमच्या प्रत्येक शाखेत मी लावलेली.

बाई हुशार. “तुम्ही खरंच बँकेतल्या, हे मी कशावरून धरू? त्या खोट्या मेलमध्येपण तुमचंच नाव आहे म्हणता.”

“बरोबर आहे तुमचं. तुमचं खातं आहे आमच्याकडे?”

“आहे.”

“पासबुकावर मुख्य कार्यालयाचा नंबर छापलाय. त्यावर फोन करा आणि मला मागा.”

फोन ठेवला आणि तेवढ्यात शिपाई आला, चेअरमननी बोलावलंय. गेले. फोन चुकला तर बाई घाबरून पुन्हा करतील की नाही, सांगता येत नव्हतं. केबिनमध्ये सगळे तिथेच. पाचच मिनिटांत ऑपरेटर शिंदेबाईंनी दारातून मान आत घातली आणि आपल्या नेहमीच्या पट्टीत ओरडल्या, “मॅडम, दौंडचा फोन! कुणी बाई हायेत. इथंच जोडू का?”

बाळासाहेबांनी मान वर केली. “दौंडची बाई?”

दौंड शाखेचे मॅनेजर गायकवाड समोरच बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. या माणसाने वीस वर्षांत कधी रजा खोटी मांडली नव्हती.

“आमच्या कॅशियर मॅडम असतील,” ते म्हणाले. “सकाळपासून कॅश जुळत न्हाई म्हनत होत्या. बोला तुम्ही.”

फोन केबिनमध्येच जोडला गेला. बाळासाहेब हातभर अंतरावर. मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला.

“ओळखला आवाज,” बाई म्हणाल्या. “सांगू का?”

“हो, सांगा.”

त्या एकेक अक्षर सांगत होत्या. मी कागदाला हात लावला नाही. मनात म्हणत राहिले. मध्येच बाळासाहेब म्हणाले, “कितीचा घोळ हाय कॅशला?” मी मान हलवली आणि सांगितलं, “सापडेल.” तेवढ्यात एक अक्षर निसटलं.

“शेवटचं पुन्हा सांगा,” मी फोनवर म्हणाले. त्यांनी सांगितलं.

“साइट परत चालू राहील ना हो?” बाईंनी विचारलं. “पोरी वाट बघत असतात.”

“मी करून देते. हे झालं की मी स्वतः करून देते.”

टेबलावर येऊन मी साइटच्या आत शिरले. आमच्या बँकेच्या नावाचा एक फोल्डर होता. त्याची प्रत पोलिसांसाठी ठेवली आणि फोल्डर उडवला. पान रिफ्रेश केलं. पान सापडत नाही, असं आलं. मी पाच-सहा वेळा रिफ्रेश करून बघितलं. मग पासवर्ड बदलला.

केबिनमध्ये येऊन सांगितलं, “पान बंद झालं.”

“कोणी केलं?” चेअरमननी विचारलं.

“साइटच्या मालकाने.”

“म्हंजी नाव कळलं!” बाळासाहेब उभेच राहिले. “बोला.”

“पोलिसांनी लेखी विचारलं तर जे माहीत आहे ते पोलिसांना सांगेन.”

“मी संचालक हाय, मॅडम. उद्या तुमची नोकरी—”

“बाळासाहेब, बसा,” चेअरमन म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात: “मलाही सांगू नका. मी घरी झोपेत बोलतो म्हणतात.”

आप्पा त्यावर पहिल्यांदा हसले. पण बाळासाहेब बसले नाहीत. जीप गेटातून निघाली ती डावीकडे, दौंडच्या रस्त्याला वळली. दौंडच्या त्या फोनचा अर्थ त्यांना आता लागला असावा. त्यांच्याकडे नाव नव्हतं, पत्ता नव्हता, पण साइट चालवायला बाई नेट कॅफेत येणार, हे ताडता येत होतं. दौंडमध्ये तेव्हा नेट कॅफे काही फार नव्हते. मी गायकवाडांना दौंड पोलिस ठाण्यात फोन करायला लावला, आणि बाईंच्या भाच्याला त्याच मेलच्या वाटेने कळवलं की मावशींना चार दिवस पुण्याला न्या. टेबलावरच्या फोनवर उत्तर आलं, “नेलं.” ते येईपर्यंत मी घरी जायला उठले नाही.

पुढचं थोडक्यात. आप्पांच्या भावाचं नुकसान बँकेने भरून दिलं. भावकीतल्या प्रत्येकाला समोर बसवून नवा पासवर्ड दिला. आप्पा रांगेच्या शेवटी उभे राहून ओरडत होते, “मला सांगू नका रे कुणी आता!” पोलिसांनी रजिस्ट्रारकडून रीतसर माहिती घेतली. बाईंचा काही संबंध नाही असा निष्कर्ष निघाला. चोर सापडला नाही. बँकेच्या कामाच्या पद्धतीत मी एक नियम घातला, तो अजून आहे: खोटं पान दिसलं की आधी बंद करायला सांगा, मालकाचं नाव पोलिस विचारतील.

एक मात्र झालं. सकाळी त्या परदेशी कंपनीला मी जी तक्रार पाठवली होती, तिच्यावर त्यांनी रात्री कारवाई केली. तोवर पान निघालेलं होतं. त्यांनी सगळी साइटच बंद केली. स्थळं, निरोप, सगळं. मी तीन मेल लिहून ती परत उघडायला सांगितलं. त्यांनी कळवलं की विनंती मालकाने करावी.

बाईंचं नाव मी मुद्दामच विचारलं नव्हतं. फोन नंबरही नाही. झाकल्या पत्त्यावर मेल टाकली, ती काही महिने जात होती पण उत्तर येत नव्हतं, मग ती परत यायला लागली. पोलिसांकडे चौकशी केली, तर त्यांनी पत्ता देता येणार नाही म्हणून सांगितलं. त्यांचं बरोबर होतं.

मी दर वर्षी जानेवारीत कामांची यादी नव्याने उतरवते. झालेली कामं गळतात. साइट परत चालू करून देणे, हे काम अजून उतरवते आहे.