आकारामचा डावा कान

उचगावचा आमचा आकाराम नोकरीला नालायक आहे. हे मी म्हणत नाही, डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा कागद म्हणतो. कागद म्हणतो म्हणजे खरंच असणार.

एकोणीस वर्षं हा गडी एका डेअरीत रोजंदारीवर आहे. दुधाच्या कॅनचं झाकण उघडायचं, नाक घालायचं आणि सांगायचं, "घ्या" नाहीतर "परत न्या." म्हशीनं काल काय खाल्लं तेही हा वासावरून सांगेल, असं त्याची बायको चिमणाबाई म्हणते. नवऱ्याची तिनं केलेली ही एकमेव स्तुती.

यंदा डेअरीनं जुन्या माणसांना कायम करायचं ठरवलं. डॉक्टरी तपासणी तेवढी उरली होती.

डॉक्टरनं जीभ दाखवा म्हटलं. आकारामनं दाखवली आणि मग ती थांबेचना. "सायेब, ह्यो डावा कान बघा. चौदा मिन्टं कुस्ती चाललीती, कान चेंगरला पर गड्याला सोडला न्हाय! तवापास्नं ह्या बाजूला ढोल वाजला तरी कळत न्हाय."

डॉक्टरनं कौतुकानं मान डोलावली आणि लिहिलं, अनफिट.

चिमणाबाईनं घर डोक्यावर घेतलं. "कुणी इचारलंतं तुमास्नी? आन् दूध काय कानात येऊन सांगतंय व्हय, नासलोय म्हणून?"

मॅनेजरला आकारामच्या नाकाची किंमत ठाऊक. त्यानं दुसऱ्या डॉक्टरकडं फेरतपासणी लावून दिली. चिमणाबाई दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत गेली. "कुस्तीचं नाव काढायचं न्हाय. माझी शपथ हाय."

हा डॉक्टर भला निघाला. उजव्या बाजूनं बोलला, छाती तपासली, सहीसाठी पेन उघडलं. तेवढ्यात त्याची नजर त्या गोळा झालेल्या कानावर गेली. "काय हो, जिन्यावरून पडला होता वाटतं?"

"जिन्यावरनं?" आकाराम उभाच राहिला.

पुढची वीस मिनिटं चिमणाबाईनं बाहेरून अख्खी कुस्ती ऐकली. शेवटी खुर्चीचा पाय मोडल्याचा आवाज आला म्हणते. तिच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं. ते निम्मं मी गावभर सांगतो.

पुन्हा अनफिट. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम त्याच कॅनांपुढं, त्याच रोजंदारीवर हजर. रोजंदारीला कान लागत नाही.

मी डिवचलं, "नुसतं व्हय म्हणाला असतास तर कायम झाला असतास की रं!"

"आण्णा, त्या कुस्तीला दहा गावची माणसं बघाय आलती. त्यास्नी काय सांगू, जिन्यानं मारलं म्हणून?"

एवढं बोलून त्यानं समोरचा कॅन परत पाठवला.