कार्ड माझं, टीव्ही मन्याचा

क्रेडिट कार्ड घेऊ का, असं मला विचारणाऱ्यांनो, आज सकाळचं ऐका.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे भरायला कार्ड दिलं. चाललं नाही. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. लिमिट संपलेलं! मागे रांग, शेजारी डोळ्यांत थेंब घातलेली आई.

मग आठवलं. गेल्या महिन्यात मावसभाऊ मन्या आला होता. "तुझ्या कार्डावर ऑफर आहे रे, टीव्ही घेतो, हप्ते मी भरतो." त्याआधी मेव्हण्याचा फ्रिज. एकाकडे कार्ड आलं की अख्खं खानदान सेलची वाट बघतं, आणि मी मूर्खासारखा सगळ्यांना ओटीपी सांगत बसतो.

तिथूनच मन्याला फोन लावून झापलं. तर म्हणतो कसा, "चिडतोस काय? पॉइंट्स तुलाच मिळाले ना!"

शेवटी आईनेच पिशवीतून तिच्या पेन्शनच्या खात्याचं एटीएम कार्ड काढलं. म्हणाली, "पिन तू दाब रे, मला दिसत नाहीये."

आग लागो त्या पॉइंट्सना. कार्ड बंद करायला बँकेत फोन केला, तर म्हणे आधी टीव्हीचे हप्ते फेडा.

तुमच्या कार्डावर सध्या कोणाचा टीव्ही चालू आहे?