पाहुण्यांसमोर बसणारं पिल्लू

आमच्या बोरी बुद्रुकच्या भरतला चौतिसावं लागलंय. तीन एकर बागायत, टोमॅटो असा की त्याच्या क्रेटचा वरचा थर उचकून बघायची व्यापाऱ्याला गरज वाटत नाही. पण मुलीवाले विचारतात, नोकरी कुठं? शेती म्हटलं की चहा अर्धा ठेवून उठतात. म्हणून त्याच्या आईनं, साळुबाईनं, तीन वर्षांपूर्वी त्याला चाकणच्या कंपनीत लावून टाकलं. नुसतं तोंडानं.

पाहुणे घर बघायला आले की शेजारी म्हणून मीही सतरंजीवर असतो. लग्न जमवताना खोटं बोललं तर पाप लागत नाही म्हणतात. भरतला मात्र ते लागत असावं. तेवढा वेळ तो दावणीला बांधल्यासारखा बसतो. बघून मला कीव येते आणि रागही येतो.

दिवाळीत त्यानं टिप्या नावाचं पिल्लू आणलं. भलतं माणूसवेडं! अवसरीचे पाहुणे आले, तेव्हा ते चिखलाच्या पायांनी मुलीच्या मावशीच्या कोऱ्या साडीवर चढलं. पाहुणे गेले ते गेलेच.

"पुन्यांदा पावण्यांच्या अंगाव गेलं, तर आण्याच्या पठारावर सोडून येईन," साळुबाईनं बजावलं.

भरत हात धुऊन त्या पिल्लाच्या मागं लागला. सकाळी ठिबक सुरू केलं की एकदा, जेवणानंतर एकदा, संध्याकाळी एकदा. सरावाचा पाहुणा मी. मी दारात आलो की टिप्या झेपावायचा. मग आम्ही दोघंही पाठ फिरवायचो. त्याचे चारही पाय जमिनीवर टेकले, की "बस" आणि बिस्किटाचा तुकडा. मारणं नाही, ओरडणं नाही. दोन महिने मी रोज पाहुणा झालो. चहा एकदाही मिळाला नाही.

मागच्या रविवारी मंचरकडचे सयाजीराव मुलीसाठी घर बघायला आले. टिप्या दाराशी बसला. शेपटी जमिनीवर आपटत होती, पण गडी जागचा हलला नाही.

"लई गुणी कुत्रं! कुणी शिकवलं?" सयाजीरावांनी विचारलं.

"आमच्या भरतनंच की," साळुबाई फुलून म्हणाली.

"कंपनीत किती वाजता जाता?" त्यांनी भरतला विचारलं.

"सकाळी सातला जातो. यायला आठ वाजत्यात," उत्तर पुन्हा तिनंच दिलं.

सयाजीराव पिल्लाकडे बघत राहिले. "ताई, माज्याकडं बी दोन कुत्री हायेत. दिवसभर मागं माणूस असल्याबिगर असं व्हत न्हाई."

मग भरतनं मान वर केली. "मी शेती करतो. कंपनीत कदी गेलोच न्हाई."

तीन वर्षांत त्याचा आवाज एवढा मोकळा मी ऐकला नव्हता.

सयाजीराव उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "शेतकरी चालला असता राव. खोटं चालत न्हाई." खरं की तोंडदेखलं, देव जाणे.

गाडी वळली. भरत उंबऱ्यातच उभा होता. साळुबाईनं शांतपणे कप गोळा केले.

"येत्या रविवारी दुसरे येणारेत," ती म्हणाली. "त्यांना रातपाळी सांगायची. म्हंजी दिवसा घरी असतो, ते बी बसतंय."

भरतनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी सतरंजी गुंडाळायला घेतली.

मग त्यानं आईला विचारलं, "रातपाळीला किती वाजता जातो म्हणून सांगू?"