चढावरचा आवाज

सायलेन्सरवाले काका माणसांपेक्षा गाड्या आधी ओळखत. वर्कशॉपमध्ये रस्त्याकडे पाठ करून बसलेले असले तरी बाहेरून कोण गेलं ते सांगत. "हा बेकरीवाला. पाइपला भोक पडलंय, पण येईल तर शपथ!" पाइप कापायचा, आत जाळी भरायची, वेल्डिंग करायचं आणि मग इंजिन सुरू करून डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. मनासारखा आवाज निघेपर्यंत गिऱ्हाइकाने कितीही आदळआपट केली तरी गाडी मिळायची नाही. पोलिसांनी अडवलं तर तुमचं तुम्ही बघा, असं ते आधीच बजावत. लोक हसून मान डोलवत आणि पुढच्याच चौकात पकडले जात.

लेकीच्या गाडीचा आवाज मात्र त्यांनी कितीतरी रविवार खर्ची घालून बसवला होता. तिला भसाडा आवाज नको होता, खालच्या पट्टीतला हवा होता. "बाबा, मी चढाला लागले की आईला घरात कळलं पाहिजे," असा तिचा हट्ट. आणि कळायचंही. संध्याकाळी आवाज घुमला की काकू हातातलं काम टाकून फाटक उघडायच्या आणि लेक गाडी थेट आत घालायची. पोलीस तिला अडवायचे, ती गोड बोलून सुटायची, काका लटकं रागवायचे. मनातून मात्र त्यांना गुदगुल्या व्हायच्या, कारण एका हवालदाराने दंडाचं बोलण्याऐवजी आवाज कुणी बसवला तेच विचारलं होतं.

लेक गेली ती तापाने. गाडीचा त्यात काही दोष नव्हता, पण दारातली ती गाडी काकांना बघवेना. चढाच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या औषधवाल्याला त्यांनी ती विकून टाकली. तिथेच ते चुकले, असं शेजारी म्हणतात. शेजाऱ्यांचं काय जातंय बोलायला?

काकूंनी तेव्हा अन्न जवळजवळ सोडलंच होतं. बोलणं नाही, रडणं नाही, नुसतं भिंतीकडे बघत बसायचं. अशात एका संध्याकाळी औषधवाला दुकान बंद करून घरी निघाला, गाडी चढाला लागली आणि आवाज घुमला. काकू उठल्या. केस सारखे केले, बाहेर जाऊन फाटक उघडलं. गाडी समोरून वर निघून गेली. काकू परत आल्या आणि म्हणाल्या, "चला, पानं घेते. आली ती."

त्यांनी तीन ताटं मांडली. काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्या दिवशी बायको पोटभर जेवली. मग रोज तेच होऊ लागलं. काकांनी आधी समजावून पाहिलं, मग समजावणं सोडून दिलं, आणि पुढे पुढे त्या वेळेला तेही हातपाय धुऊन तयार राहू लागले. एकदा तर फाटकाशी त्यांच्याच तोंडून निघून गेलं, "आज लवकर आली." म्हटल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

मग एके दिवशी औषधवाला वर्कशॉपमध्ये आला, चेहरा उतरलेला.

"काका, कंपनीचा सायलेन्सर बसवून द्या बुवा. पोलिसांनी पकडलं. पुन्हा सापडलो तर गाडीच उचलून नेणार म्हणाले."

काका घाईघाईने म्हणाले, "त्यापेक्षा झडप बसवून देतो ना. चौकात बंद ठेवायची, आपल्या चढावर उघडायची. कुणाच्या बापाला पत्ता लागणार नाही."

"नको काका. घरी बाळ आहे. संध्याकाळी मोठ्या मुश्किलीने त्याचा डोळा लागतो आणि नेमका मी गुरगुरत येतो. बायको मला घरात घ्यायची नाही एक दिवस. गाडी गप्प करून टाका एकदाची."

तो गेल्यावर काकांनी पाना हातात घेतला. आवाज थांबला की बायकोचं जेवण थांबणार, एवढं एकच त्यांना दिसत होतं. त्यांनी कंपनीचा सायलेन्सर बसवला, अगदी नियमाप्रमाणे. आणि त्याच्या अलीकडे, सहज दिसणार नाही अशा जागी, जुन्या पाइपचा तुकडा जोडून त्यावर स्प्रिंगची झडप ठेवली. इंजिनावर जोर पडला तरच ती उघडणार होती. म्हणजे सपाट रस्त्यावर गाडी गरीब गाय आणि चढावर तोच जुना आवाज. गिऱ्हाइकाशी खोटं वागण्याची काकांची ही पहिलीच वेळ. चढावर अजून थोडं गुरगुरतंय, असं औषधवाला म्हणालाच. "चढ आहे बाबा, इंजिन कुरकुरणारच," काकांनी बेधडक ठोकून दिलं.

काही दिवस सुरळीत गेले. मग एका संध्याकाळी आवाज आलाच नाही. काकू फाटक उघडून उभ्या राहिल्या. ताटं निवली.

"अजून कशी आली नाही हो?"

"येईल." काका चढाच्या खालच्या टोकाकडे बघत म्हणाले.

आला तो औषधवाला, चढ चढत पायी, धापा टाकत.

"काका, तुम्ही आवाज बंद केला होता ना? पुलाशी ट्रकला मागे टाकायला गेलो आणि गाडी अशी गरजली की पोलीस धावतच आला. वाकून बघतो तर आत झडप! मी बसवली नाही म्हणून शपथा घेतोय आणि तो मला हसतोय. गाडी नेली त्यांनी. तुमचं काय घोडं मारलं होतं मी?"

काकांना मान वर करवेना. "माझं चुकलं. चल, मी चौकीवर येतो, माझंच काम आहे म्हणून सांगतो. तुझी गाडी तुला मिळेल."

काकू फाटकाला धरून सगळं ऐकत होत्या. "गाडी चौकीवर आहे?" त्यांनी विचारलं.

"हो ना काकू, केव्हाची."

"म्हणजे पोरगी केव्हाची तिथे बसलीये? एकटी?"

औषधवाल्याने काकांकडे पाहिलं. आतल्या तीन ताटांकडे पाहिलं. त्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि तो चपलांच्या टोकांकडे बघत उभा राहिला. काकू तेवढ्यात घरात जाऊन लेकीचा स्वेटर घेऊन आल्या.

"चला लवकर. घाबरली असेल ती," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, तिथे सगळ्यांसमोर तिला ओरडू नका."

"नाही ओरडत," काका म्हणाले आणि चपला शोधू लागले.