उजव्या अलॅनिनचा सुळका

किकुए मुरोझोनो फुकुओकाच्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यंत्र चालवते, तेही कंत्राटावर. अमिनो आम्लं दोन रूपांत असतात, डावी आणि उजवी, आरशात बघितल्यासारखी. माणसाचं अंग डाव्यांनी भरलेलं, उजवी नावाला. ती शोधायची तर रक्ताच्या थेंबाला चमकणारा रंग लावायचा, बारीक नळीतून ढकलायचं, आणि दोन्ही रूपं वेगळी होऊन बाहेर पडताना पडद्यावर सुळके उठतात ते मोजायचे.

त्या दिवशी एका नमुन्यात उजव्या सेरिनचा, अशाच एका आम्लाचा, सुळका चढला. म्हणजे मूत्रपिंडं थकत चाललेली. शेजारी उजव्या अलॅनिनचाही, हा एवढा! एवढं कुठून येतं? तिसऱ्यांतून, समुद्रातल्या शिंपल्यांतून. तिन्ही त्रिकाळ तिसऱ्यांचं मिसो सार पिणारा माणूस किकुएला एकच ठाऊक होता: थोरला भाऊ तोकुजी, आरिआकेच्या किनाऱ्यावर तिसऱ्या विकणारा. अभ्यासासाठी धडधाकट म्हातारे हवेत म्हणून मागच्याच महिन्यात तिनेच त्याला रक्त द्यायला आणलं होतं.

यंत्रातच घाण असेल, म्हणून तिने नुसतं पाणी सोडून पाहिलं. रेघ सपाट. नमुना पुन्हा घातला. सुळके तिथेच.

ती अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर हिरोवातारींकडे गेली. "सेन्सेई, एवढ्या तिसऱ्या माझा दादाच खातो. हा कुणाचा नमुना, बघा ना."

"मुरोझोनो-सान, नावं झाकलेली आहेत. तिसऱ्या काय तुमचे दादा एकटेच खातात? आणि ही पद्धत अजून निदानाची नाही. निकाल कुणालाच कळवायचा नाही, ठरलंय."

ठरलंय! ज्याच्या दंडातून रक्त काढलं, त्याला विचारून ठरवलं होतं काय? कागदावर बारीक अक्षरात होतं म्हणे.

संध्याकाळी तिने फोन लावला. "दादा, एकदा मूत्रपिंडं तपासून घे."

"का गं? माझ्या रक्तात काही दिसलं?"

काय सांगणार? त्याचंच रक्त, याची खात्री नाही. असती तरी तोंड शिवलेलं. "वय झालं तुझं, म्हणून म्हणते."

"अगं, तुमच्या एवढ्या मोठ्या यंत्राने बघितलं ना? काही असतं तर ते लोक गप्प बसले असते? कळवलं नाही म्हणजे ठणठणीत आहे मी! आता पैसे मोजून सुई टोचून घेऊ?"

"माझ्यासाठी जा रे."

"तुझ्यासाठी मोठाल्या तिसऱ्या काढून ठेवल्यात. रविवारी ये."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवायचा तो विसरला. पलीकडे गिऱ्हाइकाला ओरडून सांगत होता, "माझं रक्त तपासलंय, बाई, विद्यापीठाने! खा तिसऱ्या, बिनधास्त खा!"