ओढणीबाहेरची चार बोटं

मे महिन्यातला दुसरा रविवार. हजर : मी, आमचे हे, लेक मुग्धा, धाकटी जाऊ रंजना आणि रंजनाचे गाल.

गालांची हजेरी वेगळी लावली, कारण त्या दिवशी सगळ्यांचं बोलणं त्यांच्याशीच चाललं होतं. बसलो होतो मुग्धाच्या साखरपुड्याची कामं वाटून घ्यायला. माझी त्रेचाळीस कामांची यादी तयार होती (दोन रंगांच्या पेनांनी!). पण ऐकतं कोण? रंजना माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, आणि त्या दिवशी ती मुग्धाची मैत्रीण दिसत होती.

"काकू, केलंस काय चेहऱ्याला?" मुग्धाने विचारलं.

"काही नाही वं, केमिकल पील केलं. जुनी कातडी निघते अन् खालून नवी येते."

"खरंच, दहा वर्षांनी लहान दिसून राहिली तू!" हे आमचे हे. (बैठकीचे पडदे बदलून महिना झाला, ते यांना अजून दिसलेले नाहीत.)

मी यादीत चव्वेचाळिसावं काम लिहिलं : 'चेहरा'. मग कोणी वाचेल म्हणून खोडून 'किरकोळ दुरुस्ती' केलं.

पील कोणत्या महिन्यात केलं, किती वेळा केलं, नंतर काय पाळलं, हे रंजनाला दोन मिनिटांत विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे तिला कळणार की मलाही तसंच हवं आहे! त्यापेक्षा कातडी गेलेली परवडली. मुग्धाकडून डॉक्टरबाईंचा पत्ता काढला आणि मंगळवारी जाऊन बसले.

"उन्हाळ्यात नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सप्टेंबरात या."

"सप्टेंबरापर्यंत लेकीचा साखरपुडा होऊन जाईल हो!"

"मग अगदी हलकं करते. पण ऊन बिलकुल चालणार नाही. बाहेर फिरणं असतं का?"

"छे! मी घरातच असते."

हे बोलले तेव्हा माझ्या पर्समध्ये एकतीस घरांची यादी होती. आमच्याकडे साखरपुड्याचं बोलावणं घरी जाऊन, कुंकू लावून करायचं असतं. मोबाईलवर बोलावलं तर महाल भागातल्या चुलत सासूबाई येतात, जेवतात आणि पुढची वीस वर्षं ऐकवतात!

डॉक्टरबाईंनी पील करून सनस्क्रीन दिलं, दर दोन तासांनी लावा म्हणाल्या. मी घरी येऊन विचार केला. नागपूरच्या बाईला सनस्क्रीन कशाला? आपल्याकडे ओढणी आहे! डोक्यावरून, कानावरून, नाकावरून दोन वेढे आणि मागे गाठ. गाडीवर बसल्यावर सख्खा नवरा ओळखत नाही, तिथे सूर्य काय ओळखणार? फक्त दिसायला म्हणून चार बोटं जागा उघडी राहते. चार बोटांनी काय होतं!

सहा दिवसांत एकतीस घरं केली. सगळी भर दुपारी, कारण तेव्हाच माणसं घरात सापडतात. यादीत प्रत्येक घरापुढे लाल खूण. सातव्या दिवशी चेहऱ्याची साल निघाली आणि मी आरशासमोर उभी राहिले.

नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत नवीकोरी, गुलाबी रंजना. आणि त्याच्या वर, या कानापासून त्या कानापर्यंत, चार बोटं रुंद काळा पट्टा! तेवढाच भाग जणू उमरेडच्या कोळसा खाणीत कामाला जाऊन आला होता.

हे पेपर वाचत होते. मान वर करून म्हणाले, "अवं, घरात काळा चष्मा काहून घालून राहिली? काढ ना!"

"काढलेलाच आहे!" मी ओरडले.

साखरपुड्याला दहा दिवस. कुही गावाहून सासूबाईंनी फोनवर उपाय सांगितला : बेसन, दही, लिंबू आणि जोर. यातलं जोराचं प्रमाण मी मनाने वाढवलं. दोन दिवस घासलं. पट्टा आणखी काळा झाला आणि वर चुरचुरायलाही लागला. मग मुग्धाने तिचं फाउंडेशन लावून पाहिलं. पट्टा राखाडी झाला.

"आई," ती लांबून बघत म्हणाली, "खालचा चेहरा तुझा आहे. वरचा कोणाचा गं?"

शेवटी जे टाळायला हा सगळा खटाटोप केला, तेच करावं लागलं. रंजनाला फोन केला. ती वीस मिनिटांत आली, आणि हसली नाही. (हसली असती तर मला भांडता तरी आलं असतं!) मला गाडीवर मागे बसवून तिने दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी दिवा जवळ आणला. "तुम्ही घरातच होतात ना?"

"हो."

"घराला छप्पर नाही का?"

मग त्यांनी समजावलं. पीलनंतर नव्या कातडीला ऊन लागलं की ती काळी पडते, घासलं की आणखी. डाग जाईल, पण काही महिने घेईल. मलम, सनस्क्रीन, सावली. आणि बेसन भज्यांपुरतं!

बाहेर येताना रंजना हळूच म्हणाली, "ताई, मनाले लावून नका घेऊ जी. पहिल्या वेळी मी पण काळी पडली होती. दोन्ही गाल! म्हणून तं दिवाळीले आली नव्हती. ताप आहे म्हणून सांगितलं."

मला एकदम बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं. रंजना काळी पडली होती, आणि माझं पाहायचं राहून गेलं!

साखरपुड्याच्या दिवशी, आजवर फक्त फोनवरच भेटलेली मुलाची आई थेट रंजनाकडे गेली. "तुम्ही मुग्धाच्या आई ना?" मग माझ्याकडे वळून काळजीने म्हणाली, "आणि यांचे डोळे आलेत का?"

मी स्टेजखाली लपायला जागा शोधत होते. तेवढ्यात रंजनाने माझा हात धरून मला पुढे केलं. "आई ह्या आहेत. भर मे महिन्यात एकट्यांनी एकतीस घरी बोलावणं केलं, त्या उन्हाचं आहे हे. मी तं घरी कूलरसमोर बसून होती."

विहीणबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. फोटोवाल्याला बोलावून आमचा फोटो काढायला लावला. सगळा हॉल कौतुकाने पट्ट्याकडे पाहू लागला. मला मात्र एवढंच दिसलं की दिसण्यात ती पुढे होतीच, आता चांगुलपणातही गेली!

आता पट्टा दोन बोटांवर आला आहे. मलम वेळेवर चालू आहे. चव्वेचाळीसपैकी त्रेचाळीस कामांपुढे लाल खूण झाली, 'किरकोळ दुरुस्ती'पुढे अर्धी. नंतर मी एक काम वाढवलं : 'रंजनाला सांगणे, तू त्या दिवशी फार छान दिसत होतीस.' दर रविवारी नवी यादी करताना ते जुन्या यादीतून नव्या यादीत उतरवते.

मागच्या रविवारी निश्चय करून तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. खांद्यापर्यंत केस कापले होते आणि मेलीला शोभत होते!

"या ताई! काही काम होतं का?"

"काही नाही वं. तुझं दळण टाकायचं आहे का, विचारायला आली."

पाच किलो गहू घेऊन घरी आले. ते दळून झाले, पोचते झाले. सांगायचं काम तेवढं बाकी आहे. तिच्या केसांना जरा फाटे फुटले की करून टाकते.